मुलाखतीत डोकं बंद पडतं, म्हणजे मला काही येतच नाही का?

"मॅडम, पंधरा वर्षं कोड लिहितोय. परवा कॉलेजच्या पोरालाही सुटेल असा प्रश्न आला आणि मी गप्प. इतकी वर्षं नुसता पगारच घेतला का मी?"

समोर बसले होते हिंजवडीत नोकरी करणारे, चाळिशी ओलांडलेले एक इंजिनिअर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सीनियर पदाच्या मुलाखतीची तिसरी फेरी होती. लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे एकीला पुढची जोडलेली अशा नोंदींच्या साखळीत, कुठे चक्र तयार झालंय का, ते शोधायचं होतं. एक पॉइंटर (कुठल्या नोंदीवर आहोत ते दाखवणारी खूण) हळू, दुसरा दुप्पट वेगाने पळवायचा, ही युक्ती त्यांनी स्वतः ज्युनिअर मुलांना शिकवलेली. पण पलीकडून मुलाखत घेणाऱ्याच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली, 'माझ्याबद्दलच लिहितोय' असं वाटलं आणि हात थांबले ते थांबलेच.

असे लोक माझ्याकडे समुपदेशनासाठी वरचेवर येतात, आणि प्रत्येक जण स्वतःला ढ ठरवूनच येतो. माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. 'मी कसा दिसतोय' या चिंतेनेच जागा अडवली, तर कोडला काय उरणार? नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2020 साली संगणकशास्त्राच्या 48 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मी त्यांना सांगितला. काहींनी परीक्षकासमोर, बोलत बोलत प्रश्न सोडवला, काहींनी खोलीत एकट्याने. परीक्षकासमोरच्यांची कामगिरी निम्म्याहून खाली गेली.

त्यांनी ते ऐकून घेतलं, पण पटलं नव्हतं. म्हणून मी विचारलं, "ऑफिसात कुणासमोर काम करता का?"

मग निघाली एका रात्रीची हकिगत. दोन वाजता पेमेंटची सिस्टीम कोसळलेली, कॉलवर दहा-बारा जण, त्यात साहेबही. डेटाबेसची कनेक्शनं उघडतात पण परत होत नाहीत, हे यांनीच मोठ्याने बोलत शोधून काढलं.

"तेव्हा एवढे लोक बघत नव्हते का?"

"बघत होते. पण बिघाडाकडे."

स्वतःच्याच उत्तरावर ते बराच वेळ थांबले.

ते आणखी तीनशे प्रश्न सोडवणार होते. मी नको म्हटलं. सराव करायचा होता तो कुणीतरी बघत असताना बोलण्याचा. त्यांची पत्नी शाळेत मराठी शिकवते. कोडचा गंध नाही. रोज रात्री जेवणं झाली की ती समोर बसायची, वही घेऊन मुद्दाम काहीतरी लिहायची आणि मध्येच विचारायची, "हे असंच का?" एक वाक्यही पाठ केलं: "दोन मिनिटं द्या, कागदावर मांडून बघतो." असं म्हणायची त्यांना फार लाज वाटायची. त्यावरच आमची दोन सत्रं गेली.

पुढच्या मुलाखतीतही निवड झाली नाही. त्या संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: "अडकलो होतो. दोन मिनिटं मागितली, त्यांनी दिली. उत्तर अर्धंच आलं, पण शेवटपर्यंत बोलत होतो. पुढची गुरुवारी आहे."