एस्प्रेसोची पारख : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : शहरातल्या चार-पाच कॉफीशॉपमधल्या एस्प्रेसोची तुलना करून लिहायचं आहे. पण टिपण ‘आवडली’ आणि ‘नाही आवडली’च्या पुढे जात नाही. नेमकं काय नोंदवावं?

आधी मापं, मग चव. ऑर्डर देतानाच तीन गोष्टी विचारून घ्या : पूड किती ग्रॅम, कपात उतरते किती ग्रॅम आणि वेळ किती सेकंद. डबल शॉटला, म्हणजे एस्प्रेसोच्या दुहेरी मापाला, 18 ग्रॅम पूड, 36 ग्रॅम कॉफी आणि 25 ते 30 सेकंद हा हिशोब हल्ली बऱ्याच ठिकाणी चालतो. जुन्या इटालियन पद्धतीत एका कपाला 7 ग्रॅम पूड आणि 25 सेकंदांत क्रेमा (वरचा फेस) धरून 25 मिलिलिटर कॉफी. काही दुकानं 18 ग्रॅममधून 25 ग्रॅमच काढतात, ती दाट आणि तीव्र लागणारच. ही मापं टिपली नाहीत, तर तुम्ही दोन बरिस्तांच्या (कॉफी करणाऱ्यांच्या) कामाऐवजी दोन पाककृतींची तुलना करत बसाल. बरिस्ताला आकडे सांगता आले नाहीत, तर तेही टिपणात येऊ द्या.

कप समोर आला की आधी साध्या पाण्याचा घोट घ्या आणि चमच्याने कॉफी तळापासून ढवळा. शॉटचा, म्हणजे यंत्रातून उतरणाऱ्या कॉफीचा, सुरुवातीचा भाग दाट आणि आंबट असतो, शेवटचा पातळ आणि कडवट. न ढवळता प्यायलात, तर पहिला आणि शेवटचा घोट दोन वेगळ्या कॉफींचे लागतात. पहिला घोट इतका गरम असतो की त्यावरून मत बनवू नका. दुसरा मिनिट-दीड मिनिटाने घ्या आणि तिसरा कोमट झाल्यावर. थंड होताना आंबटपणा उघडा पडतो आणि दोष लपत नाहीत, म्हणून तो शेवटचा घोट टाकू नका. साखर अर्थातच नको.

वहीत गोडवा, आंबटपणा, कडवटपणा, दाटपणा आणि पाच मिनिटांनी तोंडात उरलेली चव असे पाच रकाने करा. प्रत्येकात चव किती तीव्र होती ते लिहा आणि ती सुखद होती का, हे शेजारी वेगळं नोंदवा. दोषांचा रकाना निराळा ठेवा : तुरट, करपट, खवट. सगळ्या गुणांची बेरीज करायचा मोह मात्र टाळा. बेरजेत भरपूर गुण मिळवणारी खवट कॉफीही असू शकते.

प्रश्न : एका ठिकाणची एस्प्रेसो लिंबासारखी आंबट, दुसरीकडची जहरी कडू. यात दोष कुठला आणि शैली कुठली?

आंबटपणा दोन प्रकारचा असतो. कमी भाजलेल्या दाण्यांचा आंबटपणा गोडव्याला धरून येतो आणि गिळल्यावर फळासारखा सुवास मागे ठेवतो. ती शैली. तुम्हाला ती रुचत नसेल तर तसं लिहा, पण गुण कापू नका. दुसरा आंबटपणा टोकदार आणि किंचित खारट असतो, मागे काहीच न ठेवता विरून जातो. तिथे पुडीतून पुरेसं काही उतरलेलंच नसतं : दळण जाडसर, शॉट 15-16 सेकंदांत संपलेला किंवा पाणी कमी गरम.

कडूचे तीन उगम असतात. दळण फार बारीक असलं की शॉट चाळिसेक सेकंद थेंब-थेंब गळतो आणि कॉफी कोरडी, कडू होते. हे बरिस्ताला दोन मिनिटांत सुधारता येतं. दाणेच जास्त भाजलेले असतील तर करपट वास दळतानाही येतो आणि दळण बदलून तो जात नाही. तिसरा उगम अस्वच्छ यंत्र. ग्रूप हेडच्या (यंत्रातल्या पाणी सोडणाऱ्या तोंडाच्या) जाळीत आणि बास्केटमध्ये (पूड भरायच्या चाळणीत) जुनं तेल साचतं आणि घशाच्या मागे खवट चव रेंगाळते. त्याच दुकानात दुसऱ्या दाण्यांची एस्प्रेसो मागवा. खवटपणा तिच्यातही आला, तर दोष दाण्यांचा नाही.

एकाच घोटात आंबट आणि तुरट दोन्ही लागलं, तर बहुधा बास्केटमधल्या पुडीला वाट पडलेली असते. 9 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट, दाबाचं पाणी भेगेतून धावतं. भेगेभोवतीच्या पुडीतून नको तितकं उतरतं, उरलेल्या पुडीला पाणी धड लागतच नाही. अशा शॉटची वेळ 27 सेकंदही भरू शकते. नुसत्या सेकंदांवर म्हणूनच भरवसा नको.

प्रश्न : क्रेमा जाड म्हणजे एस्प्रेसो उत्तम, हे खरं का?

नाही. भाजलेल्या दाण्यातला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि कपात येताना सुटतो. त्याच्या बुडबुड्यांभोवती कॉफीतल्या तेलकट आणि इतर घटकांचा पापुद्रा बसतो, तो क्रेमा. जुन्या वाफेच्या यंत्रांचा दाब दीडेक बार असायचा, त्यात तो धरत नसे. 1940च्या दशकात मिलानच्या आकिल्ले गाज्जा यांची लिव्हरची (हाताने दांडा ओढायची) यंत्रं आली आणि क्रेमा कपात दिसू लागला. 1961च्या फाएमा ई-61 यंत्राने लिव्हरऐवजी विजेचा पंप आणला.

क्रेमावरून ताजेपणाचा आणि दाण्याच्या जातीचा अंदाज येतो, चवीचा येत नाही. रोबस्टा जातीचे दाणे मिसळले की तो वाढतो. भाजून दोन-तीनच दिवस झालेल्या दाण्यांचा क्रेमा भरघोस पण मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि लगेच बसतो. फिकट आणि लगेच तुटणारा क्रेमा दिसला, तर दाणे शिळे किंवा शॉट घाईत संपलेला. नुसता क्रेमा चमच्याने चाखून पाहा : कडू आणि कोरडा लागतो.

प्रश्न : एकाच दुकानात सोमवारी अप्रतिम, गुरुवारी टाकून द्यावी अशी. मग गुण कशाला द्यायचे?

परीक्षणाचा खरा विषय हाच आहे. एक सुंदर शॉट नशिबानेही निघतो. दुकानाचं कसब तो पुन्हा काढण्यात.

बिघडायला कारणं भरपूर. दाणे दिवसागणिक जुने होतात, हवेतला दमटपणा बदलतो, गर्दीच्या वेळी ग्राइंडरची पाती तापतात, आणि या प्रत्येक बदलाने शॉटची वेळ सरकते. दळण सकाळी एकदा जुळवून दिवसभर तसंच ठेवणाऱ्या दुकानाची दुपारची कॉफी सकाळसारखी राहणं कठीण. काही ग्राइंडरांच्या नळीत बरीच पूड अडकून राहते. गिऱ्हाईक नसताना तासभर पडलेली ती पूड पुढच्याच कपात येते. दळण बदलल्यावरचा पहिला शॉटही जुन्या-नव्याची मिसळ असतो, तो टाकूनच द्यायला हवा. हीट एक्स्चेंजरच्या (वाफेच्या टाकीतून जाणाऱ्या नळीत पाणी तापवणाऱ्या) यंत्रात रिकाम्या वेळी पाणी जास्त तापतं. ते आधी सोडून दिलं नाही, तर कडवटपणा वाढतो.

म्हणून किमान तीन खेपा करा : उघडल्याबरोबर, गर्दीत आणि सुस्त दुपारी, जमल्यास वेगवेगळ्या बरिस्तांच्या हातची. तिन्ही कप टिपा आणि दुकानाचा दर्जा तिन्हींतल्या सर्वांत वाईट कपावरून ठरवा. हे कठोर वाटेल, पण वाचक तुमचं वाचून एकदाच जाणार असतो, आणि त्याच्या वाट्याला कुठला कप येईल ते कुणी सांगावं?

प्रश्न : काउंटरवर उभं राहून आधीच काही ओळखता येतं का?

बरंच. बास्केट कोरड्या फडक्याने पुसली का? पूड ऑर्डरनंतर दळली की आधीच दळून ठेवलेली होती? ती वजनकाट्यावर मोजली का? टँपर (पूड दाबायचा ठोकळा) सपाट दाबला का? पूड तिरकी बसली की पाणी पातळ बाजूने पळतं. पोर्टाफिल्टर (बास्केट बसवलेला दांडा) लावण्याआधी ग्रूपमधून पाणी सोडलं आणि लावल्यावर लगेच बटण दाबलं, तर माणूस शिकलेला आहे. रिकामा पोर्टाफिल्टर काउंटरवर गार पडलेला असेल किंवा हॉपरच्या (ग्राइंडरवरच्या दाण्यांच्या भांड्याच्या) आतून तेलाचा पिवळट थर दिसत असेल, तर अपेक्षा बेताच्या ठेवा.

प्रश्न : दोन दुकानं एकाच रोस्टरचे (दाणे भाजून विकणाऱ्याचे) दाणे वापरतात. तरी चव इतकी वेगळी का?

भाजल्याची तारीख, प्रमाण आणि ग्राइंडर यांतला फरक तर असतोच, पण आधी पाण्याची चौकशी करा. पाण्यातलं बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारतं. ते जास्त असलं की उत्तम दाणेही सपक, मातकट लागतात. उलट आरओच्या, क्षार जवळपास काढून टाकलेल्या पाण्यात आंबटपणा बोचतो आणि दाटपणाच राहत नाही. जाणती दुकानं आरओच्या पाण्यात थोडे क्षार परत मिसळतात. टेबलावरचं पाणी चाखून निष्कर्ष काढू नका, यंत्राची जोडणी निराळी असू शकते. विचाराच.

प्रश्न : दिवसात किती कप चाखावेत? रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा का?

एका बैठकीत तीन, फार तर चार कप, तेही दोन-दोन घोट. पुढे जीभ बोथट होते. डबल शॉटमध्ये साधारण 120 मिलिग्रॅम कॅफीन धरा. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 आणि एका वेळी 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था सांगते. गरोदर बायकांसाठी दिवसभराची मर्यादा 200.

रिफ्रॅक्टोमीटर कॉफीत विरघळलेल्या घटकांची टक्केवारी दाखवतो. 36 ग्रॅम कॉफीत 10 टक्के म्हणजे 3.6 ग्रॅम. 18 ग्रॅम पुडीतून ते उतरले, म्हणजे 20 टक्के. 18 ते 22 टक्के ठीक मानतात. पण वाट पडलेल्या शॉटचाही आकडा 19 येऊ शकतो. परीक्षण लिहिणाऱ्याला रिफ्रॅक्टोमीटर लागत नाही.

प्रश्न : मला बिनदुधाची एस्प्रेसो जात नाही. कॅपुचिनोवरून तुलना चालेल?

एस्प्रेसोची नाही. दुधातला गोडवा आणि स्निग्धांश तुरटपणा झाकतात, आणि कमी भाजलेली, एरवी छान कॉफी दुधात आंबूस लागू शकते. मात्र कॅपुचिनोचं परीक्षण स्वतंत्रपणे जरूर करा. दूध 55 ते 65 अंशांवर गोड लागतं, 70च्या पुढे त्याला उकळल्याचा वास येतो. फेस चमकदार आणि बुडबुडे डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक हवेत. आणि स्टीमची नळी दर वेळी पुसली जाते का, यावर नजर ठेवा.