स्त्रीवादी लेखन म्हणजे घरातली भांडणं चव्हाट्यावर आणणं, यात साहित्य ते काय?

हाच प्रश्न माझ्या दादाने मला विचारला होता, जवळपास ह्याच शब्दांत, म्हणून लिहितेय.

माझ्या आईला दोन नावं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं लिहिलं आणि जुनं माहेरीच राहिलं. ते जुनं नाव मला नववीत कळलं, मावशीने हाक मारली आणि आईने अशी चटकन मान वळवली की आमच्या हाकेला तिने तशी कधी वळवलेली मला आठवत नाही. पुढे आजोबा गेले, सातबाऱ्याला वारस लावायचे तर तिकडच्या कागदांत जुनं नाव आणि आधारवर नवं, दोन्ही एकच बाई हे दाखवायला प्रतिज्ञापत्र, हेलपाटे, आणि तेवढ्यात मामा म्हणाला कशाला त्रास करून घेतेस अक्का, हक्कसोडवर सही कर. तिने केली. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा आहे हे मी तिला वाचून दाखवलं होतं, तरी केली, माहेर तुटेल म्हणून.

मी हे सगळं लिहिलं, एका मासिकात छापून आलं. दादा म्हणाला आईची बेअब्रू केलीस. म्हणजे सही घेतली ती घरातली गोष्ट आणि मी लिहिलं ती बेअब्रू? आईने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच म्हणाली, ताट पितळेचं नव्हतं गं, काशाचं होतं.

साहित्याचं म्हणाल तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी 1882 साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं ते सुरतेच्या एका तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली आणि सगळे बायकांच्याच नावाने बोटं मोडत होते म्हणून. तेही काहींना घरातलंच वाटलं असणार. बाईवर अन्याय घरातच होत असेल तर तिने लिहायचं कुठलं? वाचायला सुरुवात बेबीताई कांबळेंच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनापासून करा. फलटणला दुकानात बसून लिहिलं आणि वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं.

लिहिणाऱ्या बायकांना माझा सल्ला, छापून येईपर्यंत भावाला दाखवू नका. अर्थात ज्यांना त्याच घरात राहायचंय, हातात स्वतःचा पैसा नाही, त्यांनी वही लपवली तरी चालेल, मी बाहेर राहत होते म्हणून मला जमलं. आणि दादाने तो लेख अजून वाचलेला नाही, कोणीतरी सांगितलेल्या चार ओळींवर भांडतोय.