कौटुंबिक कायदा : कलमांपलीकडचा अभ्यास

प्रश्न : मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कौटुंबिक कायद्याची कलमे पाठ असताना सामाजिक धोरणाचा भाग कशासाठी अभ्यासायचा?

उत्तर : कलम कोणत्या परिस्थितीतून आले हे ठाऊक नसेल, तर त्याचा अर्थ लावताना आपण अडखळतो. शाहबानो खटलाच घ्या. इंदूरच्या या घटस्फोटित मुस्लिम वृद्धेला दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये पोटगी मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढच्याच वर्षी संसदेने मुस्लिम घटस्फोटितांसाठी वेगळा कायदा केला; त्याने पतीची जबाबदारी इद्दतीपुरती, म्हणजे घटस्फोटानंतरच्या सुमारे तीन महिन्यांच्या प्रतीक्षाकाळापुरतीच राहिली, असे मानले गेले. मात्र २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला, की पतीने इद्दतीच्या मुदतीतच घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे. केवळ कलमे वाचून हा प्रवास उलगडत नाही.

वारसाहक्काचेही तसेच. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. तरीही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर मुकाट सही करणाऱ्या बहिणी गावोगावी दिसतात, आणि मला तर अभ्यासाचा खरा विषय हीच सही वाटते. आपल्या घरातला सातबारा एकदा काढून त्यावर आत्या, बहिणींची नावे आहेत का, नसल्यास केव्हा आणि कशी कमी झाली, हे फेरफार नोंदींवरून तपासा.