जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या प्लगला करंट येत नाही, कॉइल बदलू का?

तुमचा प्रश्न असा: गोराईच्या वाडीत मामांचा जुना गार्डन ट्रॅक्टर आहे, त्याला कोहलरचं १२ हॉर्सपॉवरचं के-३०१ इंजिन. पावसाळाभर शेडमध्ये उभा होता. आता स्टार्टर जोरात फिरतो, पण प्लगला करंट नाही. मिस्त्री म्हणतो कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) गेली, बाहेरून मागवावी लागेल. मागवू का?

अजून मागवू नका. आधी सीबी पॉइंटचं (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं) झाकण उघडा.

माझा हात पद्मिनी टॅक्सीच्या इंजिनांवर बसला. तुमचं इंजिन बॅटरी इग्निशनचं, म्हणजे ठिणगीसाठी बॅटरीची वीज घेणारं असेल (बहुतेक असतंच, कॉइल बाहेर वेगळी बसवलेली दिसेल), तर विजेच्या बाबतीत ती एका सिलिंडरची पद्मिनीच समजा. तीच १२ व्होल्टची कॉइल, तोच सीबी पॉइंट, तोच कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा डबा). फक्त डिस्ट्रिब्युटर नाही, कारण करंट वाटायला दुसरा प्लगच नाही. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आजच्या मुलांच्या हाताखाली सीबी पॉइंट येतच नाही, म्हणून मिस्त्रीचा पहिला संशय कॉइलवर जातो. त्याला बोल लावू नका, पण त्याच्या शब्दावर पैसेही घालू नका.

स्टार्टर जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी आणि इंजिनची मोठी अर्थ वायर दोन्ही ठीक आहेत. आता १२ व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि चावी ऑन करून दुसरं टोक कॉइलच्या अधिक टोकाला टेकवा. दिवा लागला नाही तर दोष कॉइलच्या मागे आहे: चावीचा स्विच, फ्यूज, किंवा सीटखालचा आणि क्लचचा सेफ्टी स्विच. गोराईच्या खाऱ्या हवेत या स्विचांच्या पिना हिरव्या पडतात. स्टार्टर मारतानाही दिवा लागलेला राहायला हवा. काही वेळा चावी ‘स्टार्ट’वर नेली की कॉइलचा पुरवठा तुटतो. त्याची खूण म्हणजे चावी सोडताच इंजिन एखादा ठोका देतं.

अधिक टोकाला दिवा लागला, तर आता वजा टोकाला टेकवा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. सगळी परीक्षा इथे आहे. पॉइंट मिटला की दिवा विझतो, उघडला की लागतो, म्हणजे दिवा लुकलुकायला हवा. सतत लागलेला राहिला, तर पॉइंट मिटूनही जोडला जात नाहीये. त्यावर गंज, तेल किंवा ओलाव्याचा थर बसलाय. सतत विझलेला राहिला, तर वजा टोकाची वायर काढा आणि त्याच टोकावर पुन्हा दिवा टेकवा. आता लागला तर कॉइलची ही तार शाबूत आहे. पॉइंट उघडत नाही, नाहीतर कंडेन्सर शॉर्ट आहे. तरीही लागला नाही, तरच कॉइलची आतली तार तुटली म्हणा.

पावसाळाभर उभ्या इंजिनात मला नेहमी सापडलाय तो थरच. या इंजिनात पॉइंट फ्लायव्हीलखाली (इंजिनच्या जड फिरत्या चाकाखाली) नाही, बाहेरच एका छोट्या झाकणाखाली आहे. कॅमशाफ्टवरून येणारी एक लहान सळई त्याला ढकलते. झाकण काढून बघा. सळईच्या बाजूने तेल झिरपलं असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसा (बॅटरीची वायर आधी काढा). मग बारीक कानशीने दोन हात मारा आणि शेवटी कोरं व्हिजिटिंग कार्ड दोन टोकांमध्ये धरून ओढा. काळं येणं थांबेपर्यंत ओढत राहा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसलं, तर कंडेन्सरही बदला.

गॅप पॉइंट पूर्ण उघडलेला असताना ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगचा गॅप ०.०३५ इंच. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर कुठेही मिळेल. सळई झिजली असेल, तर नुसत्या गॅपवर विसंबू नका. फ्लायव्हीलवर ‘एस’ची खूण असते. इंजिन हाताने फिरवा. ती खूण झरोक्यात बरोबर समोर येते त्या क्षणी पॉइंट सुटला पाहिजे. टेस्ट लॅम्प वजा टोकावर ठेवलात तर तो क्षण डोळ्यांना दिसतो.

दिवा नीट लुकलुकतोय आणि तरीही प्लगला करंट नाही, तर आधी कंडेन्सर, मग प्लगची वायर आणि कॅप, आणि सगळ्यात शेवटी कॉइल. कंडेन्सर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, सीबी पॉइंटच्या कुठल्याही जुन्या कारचा चालतो. कॉइल लागलीच तरी परदेशातून नको. १२ व्होल्टची, बाहेरचा रेझिस्टर न लागणारी कुठलीही कॉइल बसते. करंट बघताना प्लगचं भोक फडक्याने बंद करा. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको.

एक गोष्ट मामांनाही सांगा. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका. पॉइंट मिटलेला असला, तर कॉइल आतून तापत राहते. मी पाहिलेल्या बऱ्याच कॉइल अशाच गेल्या.

वजा टोकावर दिवा काय करतो तेवढं इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.