बास्केट बसते तेव्हा बाकीचे चौघे कुठे असतात?

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

बास्केटबॉलच्या सामन्यात समोरचे सहज आत घुसतात आणि सगळे तुमच्या पॉइंट गार्डवर, म्हणजे बॉल खेळवत पुढे नेणाऱ्यावर, ओरडतात, असं तू लिहिलंस. ते ओरडणं कॅप्टन म्हणून आधी बंद कर. चांगला ड्रिबलर, म्हणजे बॉल आपटत नेणारा, एकट्याला चुकवणारच, आणि तो चुकवेल हे धरूनच बचाव उभा करायचा असतो. एका राखीव खेळाडूला सामना मोबाईलवर शूट करायला लाव. कॅमेरा बॉलमागे फिरवायचा नाही, अर्धं कोर्ट दिसेल असा एका जागी धरायचा. मग प्रत्येक बास्केटच्या दोन सेकंद आधी व्हिडिओ थांबवून उरलेल्या चौघांचे पाय बघ. बहुतेक ते आपापल्या माणसाला चिकटून, सरळ गुडघ्यांनी, बॉलकडे पाहत उभे असतील. तुमचा बचाव तिथे तुटतो.

उद्याच एका रिंगखालून दुसऱ्या रिंगखालपर्यंत सुतळी ताणून चुन्याची रेघ मार. बॉल ज्या बाजूला आहे, त्याच्या उलट बाजूच्या बचावपटूचा एक पाय या रेघेवर हवा. बॉलवाल्याकडून थेट पास मिळू शकेल अशा शेजारच्या माणसाचा बचावपटू पासच्या वाटेत हात घालून, पण माणसापासून एक पाऊल बॉलकडे सरकलेला हवा. बॉलवाल्यासमोरचा हातभर अंतरावर. जागा बरोबर आहे का, याची खूण सोपी आहे: मान न वळवता एका हाताने बॉल आणि दुसऱ्याने आपला माणूस दाखवता आला पाहिजे.

जागा बदलायची ती पास हवेत असताना. पास पोचल्यावर हललेला माणूस उशिरा पोचतो, आणि तुमच्या संघात हीच चूक सगळ्यात जास्त असणार. त्यासाठी चार विरुद्ध चार शेल ड्रिल, म्हणजे बचावातल्या जागांचा सराव, घ्या. पहिला आठवडा आक्रमकांनी फक्त पास द्यायचा, शॉट नाही, ड्रिबल नाही. प्रत्येक पासला चौघेही हलले पाहिजेत. मधेच शिट्टी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबव आणि पाय तपास. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यातून ड्राइव्ह, म्हणजे ड्रिबल करत रिंगकडे घुसणं, सुरू करा. रेघेवरच्या मदतनीसाने ड्रिबलरला पेंटच्या, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या, बाहेरच आडवं जायचं. तो गेला की त्याच्या मोकळ्या माणसाकडे वरचा गार्ड खाली उतरतो. ही दुसरी मदत कोणी शिकवत नाही, म्हणून पहिली मदत करायला पोरं घाबरतात.

सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचणीत मैदानावर सहा-सातच जण येतात, हे मला माहीत आहे. हेच ड्रिल तीन विरुद्ध तीन करा. जागा जास्त सांभाळावी लागते, म्हणून ते उलट कठीण आहे आणि चांगलं आहे.

मदतीला गेलेल्याला परत शूटरकडे धावावं लागतं. रेघेपासून कोपऱ्यातली थ्री-पॉइंटची (तीन गुणांच्या शॉटची) रेषा 6.6 मीटरवर आहे. पहिले चार मीटर पूर्ण वेगाने, मग छोटी-छोटी पावलं, बूड खाली, एक हात वर. शेवटपर्यंत वेगात गेलात की शूटर शॉटचा नुसता आव आणून बाजूने निघून जातो. आपल्या सिमेंटच्या कोर्टवर धूळ असते, त्यामुळे हे थांबणं घसरडं होतं. बाजूला ओलं पोतं टाकून ठेवा आणि दर ब्रेकला बुटांचे तळवे पुसा. पाय घसरायची भीती असली की माणूस वाकतच नाही.

आता फाउल. आपल्याकडची बरीच पोरं कबड्डी खेळून येतात. वाकून राहणं, पायांची ताकद, बाजूला झपकन सरकणं, सगळं इथे कामाचं आहे. फक्त पकडीचा हात घात करतो. माणूस चुकला की हात आपोआप पुढे जातो आणि पंच शिट्टी मारतो. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून शॉट न घेणाऱ्यावर केलेल्या बचावातल्या प्रत्येक फाउललाही समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. मग तुम्ही कितीही धावा. यावर उपाय म्हणजे दुपट्टा मानेमागून घेऊन दोन्ही टोकं हातात धरायची आणि एक विरुद्ध एक, फक्त पायांनी, साइडलाइनकडे ढकलत न्यायचं. पाच-पाच मिनिटं, रोज.

'झोन लावू का', म्हणजे माणसाऐवजी प्रत्येकाने आपापली जागा राखायची का, असं विचारलंस. माणसं दमली तर 2-3 (दोघे पुढे, तिघे रिंगजवळ) थोडा वेळ ठीक आहे, पण लपायची जागा म्हणून नको. त्यात फ्री थ्रो रेषेजवळ बॉल पोचला की मधला मोठा खेळाडू वर यावा की खाली राहावा, याचा गोंधळ होतो, आणि रिबाउंडला, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल घेताना, कोणाला अडवायचं हे ठरलेलंच नसतं. शॉट सुटताच आधी जवळच्या आक्रमकाला पाठीने अडवायचं, मग बॉल बघायचा. नाहीतर बॉल रिंगला लागून त्यांच्याच हाती गेला की त्यांना पुढच्या शॉटसाठी नव्याने 14 सेकंद मिळतात.

तुमचा शॉट सुटला की दोघे लगेच मागे. पहिला रिंगखाली, दुसरा बॉल अडवायला. कोण दोघे, हे सामन्याआधी ठरलेलं हवं.

आवाजासाठी तीनच शब्द ठेवा: 'बॉल' म्हणजे मी बॉलवर, 'हेल्प' म्हणजे मी मागे आहो, 'स्क्रीन' (समोरचा आपल्या बचावपटूची वाट अडवायला उभा आहे) सोबत डावी-उजवी. स्क्रीनची हाक मोठ्या खेळाडूने द्यायची, कारण गार्डला मागचं दिसत नाही. गप्प ड्रिल झालं तर ते धरू नका, पुन्हा करा.

वेळेचं म्हणशील, तर बचाव शेवटच्या दहा मिनिटांत घेऊ नका. तोवर पाय गेलेले असतात आणि निम्म्यांचं लक्ष शेवटच्या एसटीकडे असतं. वॉर्म-अपनंतर लगेच अर्धा तास द्या, मग शूटिंग.

एक वही कर. पाच रकाने आख: पळतीत, ड्राइव्ह, मोकळा थ्री, दुसऱ्या संधीचा, फ्री थ्रो. समोरच्याचा प्रत्येक गुण शक्यतो यातल्या एकात जाईल असं बघ, उरलेले खाली वेगळे लिही. पुढच्या सामन्याचं पान फोटो काढून पाठव. कोणता रकाना सगळ्यात भरलेला आहे ते पाहून पुढचे दोन आठवडे काय घ्यायचं ते ठरवू.