तुमच्या ‘हो’वर कुणीतरी थांबलेलं असतं

ताई,

मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. वय 41. थोडी कलमं आहेत आणि एक छोटा टेम्पो चालवतो. सहा वर्षं वाडीच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे, वर्गणीचा हिशेब एक रुपयाने चुकलेला नाही. पण कुणी काही सांगितलं की माझ्या तोंडून ‘हो’ जातंच. समोरच्याला नाही म्हणवत नाही. डिसेंबरात पऱ्यावर, म्हणजे वाडीच्या ओढ्यावर, वनराई बंधारा घालायचा ठरला. सिमेंटच्या दीडशे रिकाम्या गोणी आणायचं मी कबूल केलं होतं. नेमक्या त्याच सकाळी एकाच्या आजारी वडिलांना रत्नागिरीला न्यायचं होतं, तेही आदल्या रात्री मीच कबूल केलेलं. फावडी-घमेली घेऊन आलेली तीस माणसं दहा वाजेपर्यंत वाट बघून घरी गेली. मी फोन बंद ठेवला होता. मागच्या शिमग्याला आमच्या वाडीच्या पालखीची तारीख मुंबईच्या मंडळाला कळवायची राहून गेली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून बायकोला ‘या रविवारी नेतो’ म्हणतोय. चार रविवार गेले. चौथ्या रविवारी संध्याकाळी पिशवीतल्या साड्या ती परत कपाटात ठेवताना मी बघितलं. काही बोलली नाही. आता विचारतही नाही.

देवाचा नवस मी आजवर एकदाही चुकवलेला नाही. मग माणसांच्या बाबतीतच असं का होतं? वाडीत माझ्या शब्दाला अळवावरचं पाणी म्हणतात. मंडळ सोडून द्यावं का?

— एक वाचक, राजापूर तालुका

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या साड्यांपाशी अडले. तुम्ही वाडीचं आधी लिहिलंत आणि बायकोचं शेवटी. मी उलट्या बाजूने सुरुवात करते.

तुमच्या पत्नीला माहेरी जायला तुमचा टेम्पो लागत नव्हता. राजापूर डेपोला जाऊन एस.टी. पकडली असती, तर पहिल्याच आठवड्यात ती आईजवळ पोचली असती. डोळ्यात औषध घालायला, डोळ्याला पाणी लागणार नाही हे बघायला लेक जवळ हवी असते, ती पहिले काही दिवसच. ती थांबली, कारण तुम्ही ‘मी नेतो’ म्हणालात. तुम्ही काहीच बोलला नसतात तर तिने स्वतःचं बघितलं असतं. तुमच्या शब्दाने तिला घरात अडकवून ठेवलं, आणि रविवार आला की तुम्ही तिथे नव्हता.

मला वाटतं तुमची सगळी गफलत इथे आहे. तुम्ही समजता की पाळता न आलेला शब्द म्हणजे एक न झालेलं काम, फार तर आपली लाज. पण शब्द दिला की समोरचा माणूस आपली दुसरी वाट बंद करतो. गोणी मिळणार नाहीत असं आदल्या दिवशी कळलं असतं, तर वाडीतल्या कुणीतरी खताच्या, तांदळाच्या गोणी गोळा केल्या असत्या. तीस घरांत मिळून दीडशे गोणी निघत नाहीत असं मला कुणी सांगू नये. त्या निघाल्या नाहीत, कारण गोणी ‘सेक्रेटरी आणतायत’ म्हणून सगळे निश्चिंत होते.

बंधाऱ्याची वेळ चुकते तेव्हा काय जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांसाठी लिहिते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यावस्त्यांवर टँकर येतात. जांभ्यातून पाणी झिरपून जातं, उतार असा की उरलेलं समुद्राकडे धावत सुटतं. पाऊस गेला, की पऱ्याला धार आहे तोवर माती भरलेल्या गोण्यांची भिंत घालून ते अडवायचं. मग ते जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना थोडे दिवस जास्त टिकतं. एक रविवार हुकला की पुढचा मिळेलच असं नाही. कुणाला लग्न असतं, कुणाला कलमांची फवारणी, आणि धार रोज बारीक होत जाते. त्या दिवशी आलेल्यांत कुणी रोजावर जाणारा असेल, तर त्याने दिवसाची मजुरी सोडली होती. मे महिन्यात कळशी घेऊन लांब जाणारी बाई तुम्हाला काही बोलणारही नाही.

आणि मुंबईवाले! रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुटतं. शिमग्याला येणारा माणूस तुमच्या एका निरोपावर तिकीट काढतो, रजेचा अर्ज देतो. वर्षातून एकदा पालखी खळ्यात येते. त्या दिवशी दाराला कुलूप असणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, कारण तो फार चांगला प्रश्न आहे. नवस चुकत नाही, माणसांचा शब्द का चुकतो?

तुम्ही नवस कसा बोलता ते आठवा. ‘देवा, तुझं काहीतरी करीन’ असं कुणी म्हणत नाही. पाच नारळांचं तोरण बांधीन, पुढच्या शिमग्याला, पालखी आली की. काय, किती, केव्हा, सगळं त्यात असतं. गाऱ्हाणं घालणारा ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोलतो आणि जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. म्हणजे अख्ख्या वाडीला ठाऊक असतं. शिवाय आपल्याला झेपेल तेवढंच आपण बोलतो. देवापुढे सोन्याचा कळस कबूल करायची आपली छाती होत नाही. माणसांपुढे मात्र तुम्ही रोज कळस कबूल करताय, आणि तेही रस्त्यात, टेम्पोच्या खिडकीतून.

माझ्या आईची एक गोष्ट सांगते. धाकट्या भावाला कावीळ झाली तेव्हा तिने देवीला साडी-चोळीने ओटी भरायचा नवस केला होता. भाऊ बरा झाला, पण त्या वर्षी होडीच्या दुरुस्तीत घरातला होता-नव्हता पैसा गेला. जत्रेच्या दिवशी मला वाटलं आई घरीच राहील. तिने एक नारळ घेतला, पदरात मूठभर तांदूळ बांधले आणि मला घेऊन तरीने खाडी ओलांडली. ओट्या घेऊन आलेल्या बायकांच्या रांगेत उभी राहिली. आमचा नंबर आला तेव्हा मागच्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई, यंदा साडी होत नाही. पुढच्या जत्रेला आणते.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना मी विचारलं, घरूनच मनात म्हटलं असतं तर देवीला कळलं नसतं का? ती म्हणाली, “कळलं असतं. पण तिला वाट बघायला लावायची नाही.”

पुढच्या जत्रेला हिरवी साडी गेली. मला ती साडी आठवते, पण आदल्या वर्षीचा तो एकटा नारळ जास्त आठवतो.

तुमच्या हातून राहिलं ते हेच. आजारी माणसाला रत्नागिरीला नेलंत, त्यात काही चुकलं नाही. वाडीतल्या एकाही माणसाने त्याबद्दल तुम्हाला बोल लावला नसता, उलट कुणीतरी ‘तू जा, गोणींचं आम्ही बघतो’ म्हणालं असतं. सकाळी सहाला एक फोन पुरला असता. तुम्ही तो केला नाहीत आणि वर फोन बंद ठेवलात, म्हणून तीस माणसं बसून राहिली. हे मी कडक शब्दांत लिहितेय, कारण पत्रात तुम्ही त्यावरून एका वाक्यात पुढे गेलात.

आपल्या भागात ‘बघूया’ म्हणायची पद्धत आहे. आपल्याकडच्या माणसाला त्याचा अर्थ कळतो आणि तो दुसरीकडे सोय लावतो. मला ती पद्धत फारशी आवडत नाही, पण तुमच्या ‘हो’पेक्षा ती बरी. त्याहून बरं म्हणजे सरळ नाही म्हणा. पहिले काही दिवस लोकांना नवल वाटेल, एखादा तोंड वाकडं करील. करू दे.

तुम्ही हिशेबाची वही सहा वर्षं चोख ठेवलीत, तेव्हा तुम्ही निष्काळजी माणूस नाही. पैसे तुम्ही लिहिता, शब्द लिहीत नाही, एवढंच. त्याच वहीची मागची पानं उघडा. कुणाला, काय, कोणत्या दिवशी. टेम्पोत ठेवा ती वही. कुणी काही सांगितलं की ‘वही बघून संध्याकाळी सांगतो’ म्हणा आणि संध्याकाळी खरंच सांगा. त्या दिवसावर आधीच एक नाव असेल, तर दुसरं लिहायचं नाही.

मंडळ सोडायचं का? आत्ता नको. आता सोडलंत तर ते आणखी एक अर्धवट टाकलेलं काम होईल, आणि शिमगा तोंडावर असताना नव्या माणसाच्या गळ्यात अडकेल. गावकर-मानकरी पालखीच्या तारखा ठरवतील त्या रात्रीच मुंबईला कळवा, आणि हे काम एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला जोडीला घेऊन करा. शिमग्यानंतर बैठकीत वही, शिल्लक, चाव्या सगळ्यांसमोर मोजून द्या. वाडी परत तुम्हालाच म्हणाली, तर तेव्हाही वही बघून संध्याकाळी सांगा.

बंधाऱ्याचं मात्र या आठवड्यात. पऱ्याला अजून धार आहे की नाही ते तुम्हाला ठाऊक. असेल तर मंडळाची बैठक बोलवू नका, कुणाला वेळ देऊ नका. आधी गोणी आणून पऱ्याकाठी टाका. मग त्या दिवशी आलेल्यांतल्या वडीलधाऱ्याच्या घरी जा आणि सांगा: गोणी आणल्यात, माझ्यामुळे तुमचा दिवस फुकट गेला, मी उद्या सकाळी सातला भरायला लागतोय. रत्नागिरीचं कारण सांगू नका, ते त्यांना एव्हाना कळलेलं असणार. कुणी येवो न येवो, सातला फावडं तुमच्या हातात हवं. भिंत कमरेएवढी नाही झाली, गुडघ्याएवढी झाली तरी तेवढं पाणी अडेल. आणि धार आटली असेल, तर त्याच घरी जाऊन तेही तुमच्या तोंडानेच सांगा.

आणि घरी. रविवार हा शब्द काढू नका, तो तिच्यासाठी संपलाय. ‘मी नेतो’ही म्हणू नका. कपाटातून पिशवी तुम्ही काढा, तिच्यासमोर ठेवा आणि विचारा की तिला कधी आणि कसं जायचंय. एस.टी.ने म्हणाली तर एस.टी.ने. गाडीत बसवून द्या, ती तिकडे असेल तितके दिवस घरची चूल आणि कलमांचं पाणी तुमच्याकडे. तिने काहीच उत्तर दिलं नाही, तर पिशवी तिथेच असू द्या, परत आत ठेवू नका. चार रविवार तिने वाट बघितली, आता थोडे दिवस तुम्ही बघा.

उद्यापासून फोन चालू ठेवा.

तुमची,
ताई