बांबूच्या भुशाच्या रोपकुंड्या

प्रश्न : सूप-टोपल्यांच्या कामातून आमच्याकडे बांबूचा भुसा ढिगानं निघतो. शेणात कालवून कुंड्या केल्या, पण त्या तडकल्या. मिरचीची रोपंही पिवळी पडली. काय चुकलं?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : पिवळेपणा कच्च्या भुशामुळे. त्यात कार्बन भरपूर, नत्र नगण्य. कुजताना जंतू रोपाच्या वाट्याचा नत्र ओढतात. भुसा आधी आठवडाभर भिजवा, पाणी बदलत राहा. स्टार्च निघून जातो, घुणही कमी लागतो. मग चाळलेला भुसा १ भाग, ताजं शेण ३ भाग. मूठ दाबल्यावर गोळा टिकावा, पाणी गळू नये. तडे जातात ते याच जादा पाण्यानं आणि थेट उन्हानं : बाहेरची बाजू आधी आकसते. पहिले दोन दिवस सावलीतच वाळवा, विदर्भाच्या उन्हात तर नक्कीच. तरी पानं फिकटलीच, तर लिटरभर पाण्यात २ ग्रॅम युरिया फवारा.